पहिल्या आठवड्यातला खेळाडू

हॅरी केन हा इंग्लंडच्या फुटबॉल संघाचा कर्णधार. मैदानाच्या कडेला ओणवा होऊन तो उलटी करतो आहे, असा एक व्हिडिओ मी मागे सुट्टीत पाहिला होता. त्याच व्हिडिओत कोरियाचा लाडका खेळाडू सोन हुंग-मिन गवतावर कोसळलेला दिसतो. दोघेही तेव्हा लंडनच्या टॉटनहॅम हॉटस्पर या क्लबकडून खेळत. आम्ही कोल्हापूरकर. फुटबॉल आमच्याकडे पेठांचा खेळ आहे आणि शाहू स्टेडियमवर मॅच बघून घरी आल्यावर कोण कसा खेळला यावर रात्रभर वाद होतात. तो व्हिडिओ बघून माझा चुलतभाऊ म्हणाला, "एवढे पैसे घेतात आणि बघ, साधं धावता येईना!" मीही हसलो.

नंतर मात्र मला प्रश्न पडला. जगातले इतके चांगले खेळाडू असे का दिसतात? आणि तसे दिसणे वाईट असते का? या लेखात मी त्याचे उत्तर द्यायचा प्रयत्न केला आहे. ते आपल्या सर्वांच्या उपयोगाचे का आहे, ते शेवटी सांगतो.

व्हिडिओ जुलै 2022 मधला, सोल शहरातल्या वर्ल्ड कप स्टेडियमवरचा. इंग्लंडमधला फुटबॉलचा हंगाम मे महिन्यात संपतो आणि पुढचा ऑगस्टमध्ये सुरू होतो. मधल्या सुट्टीनंतर संघ पुन्हा एकत्र येतो आणि काही आठवडे फक्त तयारी करतो. यालाच प्री-सीझन म्हणतात. टॉटनहॅमचा संघ त्यासाठी कोरियाला गेला होता. हवा उष्ण आणि दमट होती. हजारो प्रेक्षकांसमोर नेहमीचा सराव झाला आणि तो संपल्यावर खेळाडूंना मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावायला लावले. किती वेळा? 42 वेळा. मैदानाची लांबी 105 मीटर धरली तर हे अंतर साधारण 4.4 किलोमीटर होते. तुम्ही म्हणाल, एवढी तर आपली क्रॉस कंट्रीची प्रॅक्टिस असते. पण हे पळणे सराव संपल्यानंतरचे, वेगातले आणि प्रत्येक टोकाला थांबून पुन्हा सुटण्याचे होते. वेग कमी करून थांबणे आणि पुन्हा वेग घेणे हे सरळ पळण्यापेक्षा फार दमवणारे असते.

ही कवायत घेणारे प्रशिक्षक होते जान पिएरो व्हेंत्रोने. हे इटलीचे. त्यांचे टोपणनाव होते 'मरीन', म्हणजे नौदलाचा सैनिक! 1990 च्या दशकात त्यांनी युव्हेंटस या क्लबच्या खेळाडूंना असेच घडवले होते. तेव्हा त्यांच्या हाताखाली पळणारा अंतोनियो कोंते 2022 मध्ये टॉटनहॅमचा मुख्य प्रशिक्षक होता. म्हणजे त्याने आपल्या खेळाडूंना तेच दिले, जे त्याने स्वतः सोसले होते.

आता शरीरात काय होते ते पाहू.

काही आठवडे नेहमीचा व्यायाम थांबला की सर्वांत आधी रक्तातला पाण्याचा भाग कमी होतो. रक्त कमी, म्हणून हृदयाला एका ठोक्यात कमी रक्त ढकलता येते. तेवढ्याच कामासाठी ठोके जास्त पडतात. म्हणून सुट्टीवरून आलेला खेळाडू पहिल्या आठवड्यात लाल दिसतो, त्याला लवकर धाप लागते आणि तो गुडघ्यांवर हात ठेवून वाकतो. आपल्याला नेहमी सांगतात की वाकू नका, हात डोक्यावर ठेवा. पण 2019 मध्ये अमेरिकेत महिला फुटबॉलपटूंवर एक अभ्यास झाला. त्यात हात गुडघ्यांवर ठेवून वाकलेल्या खेळाडूंचे ठोके हात डोक्यावर ठेवणाऱ्यांपेक्षा लवकर खाली आले. तेव्हा वाकलेला खेळाडू हरलेला नसतो. त्याचे शरीर श्वास घेण्याची सोय करत असते.

उलटीचे कारण वेगळे. जोरात पळताना रक्त पायांच्या स्नायूंकडे आणि अंग गार करण्यासाठी कातडीकडे जाते. पोटाच्या वाट्याला फार थोडे उरते. पोटाचे काम थांबते, मळमळते आणि कधीकधी सगळे बाहेर येते. हे बघायला वाईट वाटते, पण पळणे थांबवल्यावर बहुतेक वेळा काही मिनिटांत बरे वाटते.

तिसरी गोष्ट म्हणजे दुखणारे पाय. हे दुखणे त्याच दिवशी नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त असते. विशेषतः थांबण्याच्या आणि उतरण्याच्या हालचालींनी स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते आणि ती भरून येताना ते आणखी मजबूत होतात. सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात आपल्या हॉस्टेलचा जिना आठवा. सगळेजण खेकड्यासारखे आडवे उतरत असतात. व्यावसायिक खेळाडूही तसेच उतरतात.

शिबिरातला खेळाडू मॅचमधल्या खेळाडूपेक्षा कपड्यांनीही वेगळा दिसतो. फुटबॉलपटूंच्या अंगात काळी घट्ट बंडी असते आणि तिच्या मागे खांद्यांच्या मध्ये एक छोटे यंत्र बसवलेले असते. खेळाडू किती धावला, किती वेगाने, किती वेळा अचानक थांबला, हे ते यंत्र नोंदवते. अमेरिकन फुटबॉल हा वेगळा खेळ आहे. त्यात हेल्मेट घालून एकमेकांना धडका देतात. त्यांच्या शिबिरात क्वार्टरबॅक हा मुख्य खेळाडू वेगळ्या रंगाची जर्सी घालतो. त्याचा अर्थ, याला धडक द्यायची नाही. 2022 पासून काही जागांवरच्या खेळाडूंच्या हेल्मेटवर मऊ गादीचे आवरणही आले. त्यामुळे ते अळंबीसारखे दिसतात, पण डोक्याला बसणारा मार कमी होतो.

मग शिबिरात जो जास्त दमतो, त्याचा हंगाम वाईट जातो का? सोलच्या व्हिडिओचेच पुढे काय झाले ते पाहा. उलटी करणारा केन त्या हंगामात प्रीमियर लीगचे सर्वच्या सर्व 38 सामने खेळला आणि त्याने 30 गोल केले. गवतावर कोसळलेल्या सोनने आदल्या हंगामात 23 गोल केले होते, या हंगामात 10 केले. आणि एवढे पळूनही टॉटनहॅमचा संघ आठवा आला. एकच मैदान, एकच कवायत, पण निकाल वेगवेगळे. पहिल्या आठवड्यातला चेहरा बघून खेळाडू किती चांगला आहे हे कळत नाही, एवढेच यावरून सिद्ध होते.

पण एक गोष्ट चेहऱ्यावरून कळते आणि ती कळलीच पाहिजे. त्यासाठी मी दुसऱ्या एका शिबिराची गोष्ट सांगतो.

कोरी स्ट्रिंगर हा अमेरिकन फुटबॉलमधल्या मिनेसोटा व्हायकिंग्ज संघाचा खेळाडू. वय 27, उंची 6 फूट 4 इंच, वजन दीडशे किलोच्या आसपास. जुलै 2001 च्या अखेरीस मँकाटो या गावी संघाचे शिबिर सुरू झाले. कडक उन्हाळा होता. पहिल्याच दिवशी तो दमला आणि त्याला सराव अर्धवट सोडावा लागला. वाकून धापा टाकतानाचा त्याचा फोटो दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आला. तो फोटो त्याला फार लागला होता, असे नंतर सांगितले गेले. त्या दिवशी, 31 जुलैला, तो जिद्दीने मैदानात उतरला. सरावात त्याला पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, पण त्याने सराव पूर्ण केला. त्यानंतर तो कोसळला. दवाखान्यात त्याच्या शरीराचे तापमान 108.8 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 42.7 अंश सेल्सिअस भरले. 1 ऑगस्टच्या पहाटे तो गेला.

हा उष्माघात होता. जोराने काम करणारे स्नायू भट्टीसारखी उष्णता तयार करतात. हवा दमट असली तर घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर अंग गार होत नाही. शरीराचे आतले तापमान 40 अंशांच्या वर गेले की मेंदू गडबडतो. उन्हाची सवय व्हायला शरीराला साधारण 10 ते 14 दिवस लागतात. तेवढ्या दिवसांत रक्तातले पाणी वाढते, घाम लवकर सुटू लागतो आणि घामातून मीठ कमी जाते. म्हणून सर्वांत धोक्याचे दिवस पहिले असतात आणि नेमके त्याच दिवसांत प्रत्येकाला आपण किती दणकट आहोत हे दाखवायचे असते.

स्ट्रिंगरच्या मृत्यूनंतर विचार बदलला. आता शिबिरात खेळाडूंचे सरावाआधी आणि नंतर वजन करतात. जेवढे वजन घटले तेवढे पाणी गेले. दिवसातून दोनदा पूर्ण धडकाधडकीचा सराव त्यांच्या लीगने 2011 च्या करारात बंद केला. मैदानाजवळ बर्फाच्या पाण्याचे टब तयार ठेवतात. स्ट्रिंगरच्या नावाने कनेक्टिकट विद्यापीठात एक संस्था काम करते. तिचा मुख्य संदेश सोपा आहे: आधी गार करा, मग दवाखान्यात न्या. कोसळलेल्या माणसाचे तापमान अर्ध्या तासाच्या आत खाली आणले तर तो जवळजवळ नक्की वाचतो.

आता आमच्या शाळेची गोष्ट. ज्याच्याबद्दल आहे त्या मित्राला विचारूनच लिहितो आहे.

जुलैमध्ये आम्ही सुट्टीवरून परतलो. मी कोल्हापूरच्या पावसातून आलो होतो, तो पिथोरागडच्या थंडीतून. इथे मैदानावर सकाळी सातलाच अंगाला चिकटणारी उष्ण हवा होती. तिसऱ्या दिवशी धावून झाल्यावर सगळे वाकून धापा टाकत होते. तो मात्र गोल गोल फिरत होता आणि पुन्हा पुन्हा विचारत होता, "मेरे जूते किसने लिए?" त्याचे बूट त्याच्या पायातच होते. आम्ही पोट धरून हसलो. मी तर म्हणालो, "नाटक मत कर."

उस्तादजी आले. ते हसले नाहीत. त्यांनी त्याच्या डोळ्यांत बघून विचारले, "आज कौन सा दिन है?" तो म्हणाला, "परेड." उस्तादजींनी त्याला तिथल्या तिथे कडुनिंबाच्या सावलीत आडवे केले, टीशर्ट काढायला लावला आणि बागेचा पाइप त्याच्यावर सोडला. दोघांना मेसमधून बर्फ आणायला पळवले, दोघांना टॉवेलने वारा घालायला लावले आणि एकाला एमआय रूमकडे पाठवले. डॉक्टर आले तोपर्यंत तो आमची नावे बरोबर सांगू लागला होता. चार दिवसांनी तो वर्गात आला.

मला सर्वांत जास्त आश्चर्य एका गोष्टीचे वाटले. त्याचे अंग घामाने भिजलेले होते. मला वाटायचे, उष्माघातात घाम थांबतो, त्यामुळे ज्याला घाम आहे त्याला धोका नाही. डॉक्टरसाहेबांनी सांगितले की पळणाऱ्या माणसाला घाम येत असतानाही उष्माघात होऊ शकतो. बघायचे ते त्याचे वागणे.

म्हणून मित्रांनो, पहिल्या आठवड्यात आपल्या शेजारी धावणाऱ्याकडे असे पाहा. तो वाकला आहे, धापा टाकतो आहे, पण विचारल्यावर नीट उत्तर देतो, तर त्याला श्वास घेऊ द्या. उलटी झाली तर त्याला थांबवा, सावलीत बसवा, मोठ्यांना सांगा आणि त्याच्यावर लक्ष ठेवा. त्या दिवशी त्याने पुन्हा धावू नये. पण तो अडखळत असेल, भलतेच बोलत असेल, विनाकारण चिडत असेल किंवा वार विचारल्यावर चुकीचे सांगत असेल, तर एक मिनिटही वाट पाहू नका. आरडाओरडा करा, पाणी ओता, बर्फ मागवा. अर्धवट शुद्धीत असलेल्याच्या तोंडात मात्र पाणी घालू नका.

आपल्या शाळेत न थांबणाऱ्याला मान असतो आणि तो असायलाच हवा. केनही थांबला नाही. पण स्ट्रिंगरही थांबला नव्हता. दोघांमधला फरक पळणाऱ्याला स्वतःला कळत नाही, कारण ज्या मेंदूने ठरवायचे तोच तापलेला असतो. तो फरक शेजाऱ्याला ओळखावा लागतो.

आता आमच्या सेक्शनमध्ये सुट्टीनंतरचे पहिले दोन आठवडे जोड्या लावून धावायचे ठरले आहे. धावणे संपले की प्रत्येकाने आपल्या जोडीदाराला वार आणि हाऊसचे नाव विचारायचे. माझा जोडीदार तोच मित्र आहे. त्या सकाळचे त्याला फारसे काही आठवत नाही. मी हसलो होतो, हे मात्र मला पक्के आठवते.