कट्यार : नागपूरची संहिता, पडद्यावरचा वाद

अमरावती रस्त्यावरच्या वाडीपासून सीताबर्डीपर्यंत ‘कट्यार काळजात घुसली’ या संगीत नाटकावर आपला हक्क सांगणारे पुष्कळ. त्याला कारण आहे. संहिता नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांची, आणि खाँसाहेबांची भूमिका पहिल्यांदा करणारे वसंतराव देशपांडे नागपुरातच गाणं शिकलेले. नाटक १९६७चं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. ते जिथे घडतं ते विश्रामपूर संस्थान मात्र निव्वळ काल्पनिक.

२०१५मध्ये सुबोध भावे यांनी त्याचा चित्रपट केला आणि प्रेक्षकांत दोन तट पडले. नाटकात खाँसाहेबांचे प्रतिस्पर्धी गायक पंडितजी हरलेले, जवळजवळ मुके. चित्रपटात शंकर महादेवन यांच्या रूपाने ते भरभरून गातात. नाटकाच्या जुन्या चाहत्यांना हे खटकलं. त्यांचं म्हणणं, पंडितजींचं मौन हेच तर नाटकाचं बळ! ‘सूर निरागस हो’ आणि कव्वालीची भरही काहींना जादा वाटली. नव्या पिढीला याच गाण्यांनी थिएटरात ओढलं, हेही तितकंच खरं. सचिन पिळगावकरांच्या खाँसाहेबांना आवाज दिला तो वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी. त्यावर तक्रार फारशी कुणाची नव्हती. ‘अरुणि किरणी’साठी महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेही चित्रपटासाठी रचलेलं नवंच गाणं.