‘फँड्री’ची प्रेमकथा आणि समीक्षकांचा चष्मा

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ हा चित्रपट १४ फेब्रुवारी २०१४ रोजी, म्हणजे ऐन व्हॅलेंटाइन डेच्या दिवशी प्रदर्शित झाला. त्याआधी ऑक्टोबर २०१३ मध्ये मुंबईच्या चित्रपट महोत्सवात जाणकारांनी तो पाहिला होता आणि वाखाणलाही होता. परंतु महोत्सवातला प्रेक्षक वेगळा आणि तिकिटाच्या रांगेतला प्रेक्षक वेगळा. रांगेतल्या माणसाने टीव्हीवर जाहिरात पाहिली होती. अजय-अतुल यांचे वेड लावणारे गाणे, शाळेतली एक गोरी मुलगी आणि तिच्याकडे चोरून पाहणारा काळासावळा पोरगा. गंमत म्हणजे ते गाणे चित्रपटात नाहीच! कोवळ्या वयाचे प्रेम पाहायला म्हणून माणसे आत गेली आणि शेवटी एक दगड पडद्यातून थेट त्यांच्या अंगावर आला.

वृत्तपत्रांतून चित्रपटाचे कौतुक झाले. एप्रिल २०१४ मध्ये ६१ वे राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले, तेव्हा दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठीचा इंदिरा गांधी पुरस्कार मंजुळेंना आणि बालकलाकाराचा पुरस्कार जब्या झालेल्या सोमनाथ अवघडेला मिळाला. हे सारे रास्तच. मात्र परीक्षणांत आणि चर्चांत एक सूर वारंवार कानी पडे : ही वरवर प्रेमकथा आहे, खरा विषय जात आहे. प्रेम म्हणजे साखरेचा मुलामा आणि जात म्हणजे आतले कडू औषध, अशी ही मांडणी. वाचकहो, मला ती पटत नाही. ‘फँड्री’ ही आरंभापासून अखेरपर्यंत प्रेमकथाच आहे. जब्यासारख्या मुलाचे प्रेम जातीला ओलांडून एक पाऊलही टाकू शकत नाही, एवढेच.

जब्या म्हणजे जांबुवंत कचरू माने. कैकाडी समाजातला. फँड्री हा त्यांच्याच बोलीतला शब्द, अर्थ डुक्कर. वर्गातल्या शालूवर त्याचा जीव जडतो, पण मनातले तिच्याशी बोलायची छाती होत नाही. मग तो काय करतो? जीन पॅन्टसाठी पैसे जमवू पाहतो. मित्र पिऱ्याला घेऊन रानोमाळ काळ्या चिमणीच्या मागे फिरतो, कारण त्या चिमणीची राख मुलीच्या अंगावर टाकली की ती वश होते असे त्याने ऐकले आहे. समीक्षकांना यात काव्य दिसले. मला दिसली ती एका पोराची खात्री, की आपण आहोत तसे कुणाला आवडणे शक्य नाही. जादूटोणाच करावा लागेल. ही खात्री त्याला कुणी दिली?

आणि लाज! चित्रपटातील सर्वांत दाहक गोष्ट गावकऱ्यांचा माज नव्हे, तर जब्याची लाज आहे. किशोर कदम यांनी रंगविलेला कचरू डुकरे पकडण्यासाठी पोराला हाका मारतो आणि पोरगा आडोशाला दडून बसतो, कारण शाळेतून शालू पाहते आहे. ती इतरांबरोबर हसतेसुद्धा. बाप सफाई कामगार आहे किंवा आई दुसऱ्याची भांडी घासते, हे शाळेत सांगताना जीभ अडखळलेली मुले आपल्या वस्त्यांत थोडी नाहीत. त्यांना हा प्रसंग समजावून द्यावा लागत नाही.

धावपळीत राष्ट्रगीत सुरू होते आणि सारे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते. डुक्कर मात्र हातचे निसटते. पुढे मारलेले डुक्कर काठीला बांधून बाप-लेक शाळेच्या भिंतीजवळून जातात. त्या भिंतीवर बाबासाहेब आहेत, सावित्रीबाई आहेत. या दृश्यावर पुष्कळ लिहिले गेले, बहुधा देशाच्या ढोंगावरचे भाष्य म्हणून. ते खरेच आहे. पण भिंतीवरचे बाबासाहेब ज्यांचे, त्यांनी आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी. कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत मोडतात, उर्वरित महाराष्ट्रात विमुक्त जातीत. सरकारी कागदावर ते आपल्या शेजारचे, आणि कित्येक गावांत राहायलाही शेजारचे. त्यांच्या दारी आपण किती वेळा चहा प्यायलो? आपल्या मुलाने त्यांची मुलगी पसंत केली, तर घरात काय बोलले जाईल? मंजुळे स्वतः करमाळा तालुक्यातील जेऊरचे, वडार समाजातले. त्यांचा दगड फक्त पाटलाच्या वाड्याच्या दिशेने आहे असे समजून टाळ्या वाजवणे फार सोपे.

पुढे २९ एप्रिल २०१६ रोजी त्यांचाच ‘सैराट’ आला आणि गर्दीने थिएटरे फोडली. तिथे मुलगी प्रेमाला होकार देते, दोघे पळतात आणि मारले जातात. ‘फँड्री’तल्या शालूला तर शेवटपर्यंत होकार-नकाराचा प्रश्नच पडत नाही. मला वैयक्तिकरीत्या ‘फँड्री’च अधिक जड गेला.

चित्रपट पावणेदोन तासांच्या आतबाहेरचा आहे. शाळकरी मुलांना घेऊन पाहावा. शिव्या आहेत, आणि डुक्कर पकडण्याचा भाग लहानग्यांना जड जाईल. पण आठवी-नववीच्या पोरांना शेजारी बसवून घ्या, आणि दगड येतो तेव्हा टीव्ही लगेच बंद करू नका.