लाजेचा तुकडा

स्पेनमध्ये मित्रमंडळी बाहेर जेवायला गेली, की बहुतेकदा प्रत्येकाचं वेगळं ताट नसतं. बटाट्या-अंड्याची तोर्तिया, कुरकुरीत क्रोकेता अशा बशा टेबलाच्या मधोमध येतात आणि सगळे त्यातूनच खातात. छोटी बशी म्हणजे 'तापा', मोठी म्हणजे 'रासिओन'. गंमत शेवटी होते. बशीत एकच क्रोकेता उरते आणि कुणाचाच हात पुढे होत नाही. तिला तिकडे नावच आहे: 'ला दे ला बेर्ग्वेन्था', म्हणजे 'लाजेची'.

आपल्याकडेही "तू घे, मला नको" चालतंच की! पण खिसा रिकामा असलेला मित्र सगळ्यांत जास्त लाजतो. म्हणून कॅन्टीनमध्ये शेवटचं भजं उरलं, की विचारत बसू नका. सरळ त्याच्या हातावर ठेवा.