कावीळ: रिपोर्टमधला कोणता आकडा बघायचा?

२०१२ मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यातून हिपॅटायटिस ई पसरला, हजारो जण आजारी पडले. आपल्या संभाजीनगरातही नळाला काही दिवसांआड पाणी येतं, म्हणून हे समजून घ्या.

एसजीपीटी हे इजा झालेल्या यकृतपेशींतून रक्तात सांडणारं एन्झाइम. ते उतरलं की आपण खूश होतो. पण पेशीच उरल्या नाहीत तरी ते उतरतं! बिलिरुबिन तर नुसतं पित्त अडलं तरी आठवडेच्या आठवडे चढं राहतं.

खरी परीक्षा आयएनआरची. रक्त गोठवणारी बहुतेक प्रथिनं यकृतच बनवतं. पित्त अडल्यावर के जीवनसत्त्व कमी शोषलं जातं, त्यानेही आयएनआर वाढतो. पण मग इंजेक्शनने सहसा उतरतो. नाही उतरला, तर यकृतच थकलंय. सोबत गुंगी किंवा असंबद्ध बोलणं दिसलं, तर झाडपाल्यात वेळ घालवू नका. लगेच मोठं हॉस्पिटल गाठा.