हेलिअम शेवटच्या रकान्यात का?

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या मराठी घरांतली मुलं जीसीएसई या शालेय परीक्षेसाठी रसायनशास्त्र शिकतात, तेव्हा त्यांच्या आवर्तसारणीच्या शेवटच्या रकान्यावर बहुधा ‘०’ छापलेलं असतं. महाराष्ट्रातल्या त्यांच्या मावस-चुलत भावंडांच्या पुस्तकात तोच रकाना ‘१८’ असतो. मूलद्रव्यं मात्र तीच, आणि दोन्हीकडे सर्वांत वर हेलिअम. इलेक्ट्रॉन संरूपणाबद्दलचे, म्हणजे कोणत्या कवचात किती इलेक्ट्रॉन याबद्दलचे, बरेच गैरसमज या एका चौकटीपाशी उघडे पडतात.

बाहेरच्या कवचात जितके इलेक्ट्रॉन तितका गण (म्हणजे रकाना), हा सगळ्यांत पक्का समज. सोडिअम २,८,१ म्हणून पहिला गण, मॅग्नेशिअम २,८,२ म्हणून दुसरा. मग दोनच इलेक्ट्रॉन असलेला हेलिअम बेरिलिअमच्या वर का नाही? कारण पहिल्या कवचात मुळात दोनच मावतात, म्हणजे हेलिअमचं कवच भरलेलं आहे. बेरिलिअमच्या बाहेरच्या कवचात आणखी सहांना जागा आहे. इलेक्ट्रॉन किती आहेत याच्या जोडीला कवच भरायला किती हवेत, हेही पाहावं लागतं. भरलेल्या कवचामुळे हेलिअम निऑन-अर्गॉनसारखा अलिप्त राहतो. त्या ‘०’चा अर्थही हाच: संयुजा शून्य.

दुसरा समज असा की सारणी इलेक्ट्रॉन पाहूनच मांडली गेली. पण रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हने ती १८६९ साली मांडली. इलेक्ट्रॉनचा शोध १८९७चा. मेंडेलीव्हचा आधार होता अणुवस्तुमान आणि गुणधर्म. आयोडीनपेक्षा टेल्युरिअम जड, तरी गुणधर्म पाहून त्याने टेल्युरिअम आधी ठेवलं. इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ मोझलीच्या १९१३च्या प्रयोगांनी हा क्रम अणुअंकाचा असल्याचं दाखवलं आणि मेंडेलीव्हचा निर्णय बरोबर ठरला. क्रम अणुअंक ठरवतो. ओळ कुठे मोडायची, हे संरूपण सांगतं.

‘तिसरं कवच आठ इलेक्ट्रॉनांनी भरतं’ हे तर पहिल्या वीस मूलद्रव्यांपुरतं चालणारं सोपं रूप आहे. त्या कवचात १८ मावतात. पण पोटॅशिअमच्या एकोणिसाव्या इलेक्ट्रॉनला तिसऱ्या कवचातल्या ३डी उपकवचापेक्षा चौथ्यातलं ४एस कमी ऊर्जेचं पडतं, म्हणून संरूपण २,८,८,१ होतं आणि चौथी ओळ सुरू होते. ३डी मधल्या दहा जागा पुढे स्कँडिअमपासून जस्तापर्यंत भरतात. सारणीच्या मधल्या दहा रकान्यांचं कारण हेच. आवर्ताचा (ओळीचा) जो क्रमांक तितकी कवचं, या नियमाला अपवादही आहेत. पॅलेडिअम पाचव्या आवर्तात बसतं, पण त्याच्या पाचव्या कवचात एकही इलेक्ट्रॉन नाही!

आणि खास आपल्याकडचा गैरसमज: इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने १८६८ साली विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलिअम शोधला, हा. प्रत्यक्षात १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणात गुंटूरला होता तो फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्येच होता. सूर्याच्या वर्णपटातली हेलिअमची पिवळी रेषा त्याने ऑक्टोबरमध्ये ग्रहणाशिवाय तिथूनच टिपली. पृथ्वीवर हा वायू रसायनशास्त्रज्ञ रॅम्झीने लंडनमध्ये १८९५ साली क्लेव्हाइट या खनिजातून मिळवला. अर्गॉनसारखाच तोही कशाशी संयोग पावेना, म्हणून सारणीत या वायूंसाठी नवा रकाना जोडावा लागला. हेलिअमची जागा अशी त्याच्या वागण्यावरून ठरली. संरूपणाचं स्पष्टीकरण नंतर आलं.

लॉकियर विजयदुर्गाला आला तो २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी. सुट्टीत मुलांना किल्ल्यावरचे, त्या निरीक्षणाशी जोडलेले ‘साहेबाचे ओटे’ दाखवाल तेव्हा त्यांना हेच साल सांगा.