संगणकाच्या गाभ्यातील वेगवान पडताळणी

बँकांच्या संगणकीकरणाच्या सुरुवातीच्या काळात व्हाउचरांचा गठ्ठा नोंदविताना रकमांच्या बेरजेबरोबर खाते क्रमांकांचीही बेरीज केली जात असे. या दुसऱ्या बेरजेला स्वतःचा काहीही अर्थ नसे. मात्र नोंदीनंतर ती जुळली नाही, तर एखादे व्हाउचर गहाळ झाले किंवा क्रमांक चुकला, हे तत्काळ उमगे. तिला ‘हॅश टोटल’ म्हणत. तिची उणीव अशी की, एक क्रमांक दहाने वाढला आणि दुसरा दहाने घटला, तर बेरीज जुळतेच.

आजच्या संगणकांतील ‘हॅश’ ही त्याच कल्पनेची अत्यंत कठोर आवृत्ती होय. अमेरिकेच्या ‘एनआयएसटी’ या मानक संस्थेने प्रमाणित केलेली ‘एसएचए-२५६’ ही पद्धत कोणत्याही आकाराच्या मजकुराचा २५६ बिटांचा ठसा काढते. मजकुरातील एखादे अक्षर बदलले तरी ठसा पूर्णपणे निराळा येतो. आपल्याकडील माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ३ मध्ये अशा हॅश फलनाचे स्पष्टीकरण दिलेले आहे आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमानुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यावयाच्या प्रमाणपत्रातही हॅशचा उल्लेख करावा लागतो.

हा ठसा मात्र फुकट मिळत नाही. मजकुराचे ६४ बाइटांचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यावर गणिताच्या ६४ फेऱ्या केल्या जातात. एक मेगाबाइटच्या फाइलचे १६,३८४ तुकडे होतात, म्हणजे फेऱ्यांची संख्या दहा लाखांच्या वर जाते. एका फाइलसाठी हा भार नगण्य आहे. पण हे काम अहोरात्र चालणारे असेल, तर प्रोसेसरचा मोठा वेळ त्यातच खर्ची पडतो.

आणि ते तसे चालतेच. लिनक्स या कार्यप्रणालीचा गाभा, ज्याला ‘कर्नेल’ म्हणतात, तो संगणकातील प्रत्येक प्रोग्रामच्या आणि यंत्रसामग्रीच्या मध्ये उभा असतो. दोन कार्यालयांमधील सुरक्षित जोडणीवरून येणारा मजकूर तपासणे, चकतीवरील माहितीत फेरफार झालेला नाही याची खात्री करणे, ही कामे त्याच्याकडे असतात. अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच आहे. २०१३ च्या ४.४ आवृत्तीपासून अँड्रॉइडमध्ये अशी सोय आहे की, कार्यप्रणालीचा साठा वाचताना त्याचा प्रत्येक खंड हॅशने पडताळला जावा. ग्राहक मोबाइल बँकिंगचे अॅप उघडतो तेव्हा त्याखालील कार्यप्रणालीवर असा पहारा असू शकतो.

कर्नेलमधील मूळ हॅश-गणित सर्वसाधारण ‘सी’ भाषेत आहे. ते कोणत्याही प्रोसेसरवर चालते, पण कोणाच्याही खास सामर्थ्याचा लाभ घेत नाही. म्हणून प्रोसेसरनिहाय वेगळे भाग लिहिले जाऊ लागले. २०११ मध्ये ‘एसएचए-१’ या जुन्या पद्धतीसाठी आणि २०१४ मध्ये ‘एव्हीएक्स-२’ या रुंद रजिस्टरांच्या संचासाठी असे भाग लिनक्समध्ये आले. २०१४ मध्येच फोनमधील आर्म प्रोसेसरच्या खास सूचनांचीही दखल घेतली गेली. इंटेलने २०१३ मध्ये केवळ हॅशसाठी सात नव्या सूचना जाहीर केल्या होत्या. त्यांतील एक सूचना एसएचए-२५६ च्या दोन फेऱ्या एकदम उरकते. त्यांचा वापर करणारा भाग जानेवारी २०१६ मधील ४.४ आवृत्तीत समाविष्ट झाला. गंमत अशी की, इंटेलने त्या सूचना प्रथम आपल्या स्वस्त, छोट्या प्रोसेसरांत दिल्या. २०१७ मध्ये एएमडीचे रायझन आले, आणि इंटेलच्या मुख्य प्रवाहातील प्रोसेसरांना त्यासाठी २०१९ पर्यंत थांबावे लागले.

वेगवान भाग लिहिणे हे अर्धेच काम. खरी कसोटी तो गाभ्यात बसविण्याची. या सूचना ज्या रुंद रजिस्टरांत चालतात, तेथे त्या क्षणी दुसऱ्याच एखाद्या प्रोग्रामची अर्धवट आकडेमोड ठेवलेली असू शकते. सहकाऱ्याच्या मेजावर बसून तातडीचे काम करावयाचे, तर त्याचे कागद आधी नीट उचलून ठेवावे लागतात आणि उठताना होते तसे मांडावे लागतात. कर्नेललाही अगदी हेच करावे लागते, आणि तो मेज अडवून बसलेला असेपर्यंत त्या प्रोसेसरवर दुसऱ्या कामाची पाळी लावता येत नाही. काही प्रसंगी मेज मिळतच नाही. तेव्हा साध्या पद्धतीने हिशेब करावा लागतो. हा शिष्टाचार मोडला तर संगणक बंद पडेलच असे नाही. कोणा दुसऱ्याच प्रोग्रामच्या उत्तरातील आकडे बिनबोभाट बदलतील, आणि कोणताही संदेश येणार नाही. हिशेबाच्या व्यवसायात याहून वाईट बिघाड सांगता येणार नाही.

२०१७ च्या जुलैमध्ये घडलेला प्रकार याच जातीचा, पण अधिक बोलका होता. एव्हीएक्स-२ चा एसएचए-१ भाग तीन वर्षे वापरात होता आणि त्याची उत्तरे बिनचूक होती. तथापि वेगासाठी पुढचा मजकूर आधीच उचलून ठेवण्याच्या घाईत तो दिलेल्या मजकुराच्या सीमेपलीकडचेही वाचत असे. बहुतेक वेळा पलीकडे काहीतरी असे आणि ते वाचून सोडून दिले जाई. पलीकडे स्मृतीचे पानच नसेल, तेव्हा मात्र गाभा कोसळण्याची वेळ येई. असे अहवाल येताच देखभालकर्त्यांनी तो भाग सरळ बंद केला. ऑगस्टमध्ये दुरुस्ती झाल्यावरच तो पुन्हा सुरू झाला. मधल्या काळात गणित हळू चालले, एवढीच किंमत पडली. हा निर्णय योग्यच म्हणावा लागेल.

ठरावीक मजकुराचे ठरावीक उत्तर तपासणाऱ्या चाचण्या कर्नेलमध्ये पूर्वीपासून होत्या. २०१९ मध्ये त्यांत एका कडक परीक्षेची भर पडली. त्यात यादृच्छिक मजकूर निरनिराळ्या प्रकारे तोडून वेगवान भागाला दिला जातो आणि त्याचे उत्तर साध्या ‘सी’ भागाच्या उत्तराशी ताडून पाहिले जाते. हळू चालणारा जुना भाग त्यामुळे निकामी ठरला नाही. तोच परीक्षक झाला.

अनेक वर्षे अडचण वेगळीच होती. वेगवान भाग कर्नेलमध्ये असूनही तो स्वतंत्र पर्याय म्हणून निवडावा लागे. कर्नेल बांधणाऱ्याला त्याचा विसर पडला, तर नव्या कोऱ्या सर्व्हरवरही साधेच गणित चाले, आणि उत्तर बरोबर येत असल्याने कोणाच्या लक्षात येत नसे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६.१६ आवृत्तीत एसएचए-२५६ ची रचना बदलून प्रोसेसरची क्षमता ओळखून योग्य भाग आपोआप निवडला जाईल अशी व्यवस्था करण्यात आली. मात्र आभासी यंत्रांवर काम चालणाऱ्या केंद्रांत यजमान प्रणालीने प्रोसेसरचे हे वैशिष्ट्य पाहुण्या यंत्रापासून झाकून ठेवले असेल, तर आतल्या कर्नेलला ते दिसत नाही. अशा ठिकाणी आभासी यंत्राच्या मांडणीत प्रोसेसरचा कोणता प्रकार नेमला आहे, हे तंत्र विभागाने एकदा पाहून घ्यावे.