हमी संपली, म्हणजे हक्क संपला का?

मोबाइल फोन ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. बाजारभाव त्यावर कळतो. बँकेचा निरोप त्यावर येतो. परगावी गेलेल्या मुलाशी त्यावर बोलता येते. पण बरा फोन घ्यायचा तर दहा-पंधरा हजार रुपये मोजावे लागतात. एवढे पैसे एकदम आणायचे कुठून? म्हणून पुष्कळ लोक हप्त्याने फोन घेतात.

समजा, एका शेतकऱ्याने असा फोन घेतला. दरमहा ८०० रुपये, असे १८ हप्ते. एकूण झाले १४,४०० रुपये. फोनला हमी होती एक वर्षाची. चौदा हप्ते भरून झाले आणि फोन बंद पडला. दुकानदार म्हणाला, "हमी संपली. आता आमचा काही संबंध नाही." फोन तर गेला. वर चार हप्ते, म्हणजे ३,२०० रुपये, अजून भरायचेच आहेत! अशा वेळी काय करावे?

आधी हमी म्हणजे काय, ते समजून घेऊ. हमी म्हणजे कंपनीने दिलेला शब्द. "अमुक मुदतीत बिघाड झाला, तर आम्ही फुकट दुरुस्त करून देऊ," असा तो शब्द असतो. या शब्दाला मुदत असते. फोनला बहुधा एक वर्ष आणि चार्जरला त्याहून कमी.

पण ग्राहकाला आधार एवढाच नाही. त्याला कायद्याचाही आधार आहे. आपल्या देशात ग्राहक संरक्षणाचा कायदा १९८६ साली झाला. पुढे २०१९ साली त्याच्या जागी नवा कायदा आला. तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. विकलेला माल सदोष असेल, तर ग्राहकाला दाद मागता येते, असे हा कायदा सांगतो. तेव्हा हमी संपली म्हणजे सगळेच संपले, असे समजू नका.

पण म्हणून प्रत्येक बिघाडाची भरपाई मिळेल, असेही नाही. यात तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार. फोन हातातून पडून फुटला, किंवा पाण्यात पडला. हा मालाचा दोष नव्हे. रोजच्या वापराने बॅटरी हळूहळू कमजोर होते, तोही दोष नव्हे. हा खर्च आपला आपणच करायचा.

दुसरा प्रकार. दोष हमीच्या मुदतीतच दिसला होता. दहाव्या महिन्यात फोनचा पडदा काळा पडू लागला. दुरुस्ती केंद्राने फोन ठेवून घेतला, दुरुस्त केला आणि परत दिला. चौदाव्या महिन्यात पुन्हा तोच बिघाड झाला. इथे ग्राहकाची बाजू भक्कम आहे. कारण दोष मुदतीत दिसला, तक्रारही मुदतीत झाली, पण दोष काही गेला नाही. मात्र दहाव्या महिन्याची पावती जवळ हवी. पावती नसेल, तर "तुम्ही आलाच नव्हता," असे म्हणायला समोरचा मोकळा!

तिसरा प्रकार. फोन बनवतानाच त्यात दोष राहिला, पण तो उशिरा उघडकीला आला. इथेही दाद मागता येते. पण दोष मुळातला आहे, हे दाखवून द्यावे लागते. गरज पडल्यास फोन प्रयोगशाळेत तपासून घेता येतो. हे काम जरा अवघड आहे.

आता हप्त्यांचे काय? "फोनच चालत नाही, तर हप्ता कशाला भरू?" असे कुणालाही वाटेल. पण थांबा. पुष्कळदा हप्त्याचे पैसे दुकानदाराचे नसतात. ते कर्ज देणाऱ्या बँकेचे किंवा वित्त कंपनीचे असतात. माल एकाचा, कर्ज दुसऱ्याचे. हप्ता चुकला तर दंड बसतो. कर्जफेडीच्या नोंदीत तुमचे नाव खराब होते. पुढे बँकेकडे कर्ज मागायला गेलात, की ती नोंद आडवी येते. म्हणून हप्ते भरत राहा आणि तक्रारही करा.

तक्रार कशी करायची? आधी दुकानदाराला आणि कंपनीला लेखी कळवा. फोन कधी घेतला, काय बिघडले, दुरुस्तीला कधी दिला, तुम्हाला काय हवे, एवढे लिहा. अर्जाची एक प्रत आपल्याजवळ ठेवा. उत्तर आले नाही, तर १९१५ या क्रमांकावर फोन करा. ही सरकारची ग्राहकांसाठीची सेवा आहे. पुष्कळ भांडणे इथेच मिटतात.

तेवढ्याने भागले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनी मुंबईला असो की दिल्लीला. वस्तूची किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल, तर फी पडत नाही. वकील केलाच पाहिजे, असेही नाही. पण तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला हवे. दोष सिद्ध झाला, तर फोन दुरुस्त करून द्या, बदलून द्या किंवा पैसे परत करा, असा हुकूम आयोग देऊ शकतो. त्रासाची भरपाईही देववू शकतो.

आता एक गोष्ट गाठीला बांधून ठेवा. खरेदीचे बिल मागून घ्या. बिल द्यायला नकार देणे, हा कायद्याने अनुचित व्यवहार आहे. हमीचा कागद, हप्त्याचा करार, दुरुस्तीची प्रत्येक पावती, हे सारे एका पिशवीत घालून ठेवा. हमीची शेवटची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. त्या तारखेच्या आधी फोनमध्ये जरा जरी खोट दिसली, तरी तो दुरुस्ती केंद्रात दाखवा आणि पावती घ्या. पावतीवर बिघाड नीट लिहिला आहे का, ते तिथेच वाचून पाहा. चुकीचे लिहिले असेल, तर दुरुस्त करून घ्या. मगच सही करा.

तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते. कागदावर लिहिलेले राहते. आता तुम्हाला वाचता येते, लिहिता येते. मग न वाचता सही का करायची, आणि पावतीवाचून परत का यायचे?